को-जनची कार्यक्षमता कशी मोजायची? कोल्हापूर परिसरातील साखर कारखान्यांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गळीत हंगाम सुरू झाला की कोल्हापूर जिल्ह्यातल्या सहवीजनिर्मिती (को-जन) प्रकल्पांत, म्हणजे एकाच वाफेवर वीज आणि साखर दोन्ही करणाऱ्या प्रकल्पांत, तेच प्रश्न पुन्हा पुढे येतात. शिफ्ट इंजिनिअर, चीफ केमिस्ट, नव्याने रुजू झालेले पदवीधर आणि कधीकधी संचालकही ते विचारतात. उत्तरांतली उदाहरणं ६७ किलो (प्रति चौरस सेंटिमीटर) दाबाच्या, ४९० अंश सेल्सिअस वाफेच्या बॉयलरची आहेत. तुमचा प्रकल्प ८७ किंवा ११० किलोचा असला तर आकडे बदलतील, पण रीत हीच राहील.

आमच्या प्रकल्पाची कार्यक्षमता किती, हे एका आकड्यात सांगता येईल का?

येईल, पण आधी हद्द ठरवावी लागेल. बॉयलरची कार्यक्षमता ७० टक्के, टर्बाइनची ८० टक्के, सगळ्या प्रकल्पाची ५५ टक्के आणि ऑफ-सीझनला फक्त वीज करताना २० टक्के हे चारही आकडे एकाच प्रकल्पाचे आणि चारही बरोबर असू शकतात. म्हणून कोणताही आकडा लिहिताना शेजारी तीन गोष्टी लिहा: हद्द कुठपासून कुठपर्यंत, उष्मांक (एक किलो इंधनातली उष्णता) ढोबळ धरला की निव्वळ, आणि बगॅसची (रस काढल्यावर उरणाऱ्या उसाच्या चोथ्याची) आर्द्रता किती होती. या तीन नोंदींशिवाय दोन कारखान्यांची तुलना करू नका. आपल्याच कारखान्याच्या गेल्या वर्षाशीही करू नका.

हीट रेट म्हणजे काय? ८६० हा आकडा कुठून येतो?

एक युनिट वीज म्हणजे ८६० किलोकॅलरी उष्णता. एक युनिट तयार करायला इंधनातली जितकी उष्णता खर्ची पडते तो हीट रेट. ८६० ला हीट रेटने भागलं की कार्यक्षमता मिळते. हीट रेट २४०० असेल तर कार्यक्षमता ३५.८ टक्के आणि ४२०० असेल तर साडेवीस टक्के. हीट रेट कमी तितका चांगला. पहिल्या बैठकीत बरेच जण इथे उलटं समजून घेतात.

बॉयलरची कार्यक्षमता थेट पद्धतीने कशी काढायची?

वाफेत गेलेली उष्णता भागिले बगॅसमधून आलेली उष्णता. आठ तासांच्या एका चाचणीचा हिशोब असा:

वाफ ६४० टन. ६७ किलो, ४९० अंशाच्या एक किलो वाफेत साधारण ८१० किलोकॅलरी उष्णता असते आणि १०५ अंशाच्या फीड वॉटरमध्ये (बॉयलरला जाणाऱ्या पाण्यात) १०५. म्हणजे बॉयलरने प्रत्येक किलोमागे ७०५ किलोकॅलरी दिल्या. ६,४०,००० × ७०५ = ४५.१२ कोटी किलोकॅलरी.

बगॅस २८४ टन, ढोबळ उष्मांक २२७६. २,८४,००० × २२७६ = ६४.६४ कोटी किलोकॅलरी.

कार्यक्षमता ६९.८ टक्के.

गणित दोन ओळींचं आहे. खरा त्रास २८४ आणि २२७६ हे दोन आकडे मिळवताना होतो.

बगॅसचं वजन कोण करतं?

बहुतेक ठिकाणी कोणीच करत नाही. कन्व्हेयरवर पट्ट्याचा वजनकाटा (बेल्ट वेयर) असला तरी बगॅस हलकी, फुगलेली आणि पट्ट्यावर उड्या मारणारी असते, त्यामुळे त्याच्या आकड्यावर पूर्ण विसंबता येत नाही. म्हणून मिलचा ताळेबंद वापरतात: ऊस अधिक इंबिबिशनचं (मिलमध्ये चोथ्यावर शिंपडलेलं) पाणी वजा मिश्र रस (मिलमधून निघणारा, पाणी मिसळलेला रस), बाकी उरेल ती बगॅस.

वरच्या उदाहरणात आठ तासांत १००० टन ऊस, २८० टन पाणी आणि ९९० टन मिश्र रस होता. बगॅस २९० टन. त्यातून फिल्टरला गेलेला ६ टन बगॅसिलो (बगॅसचा बारीक भुसा) वजा केला की बॉयलरला २८४ टन. चाचणीच्या वेळात यार्डात ढिगाला टाकलेली बगॅस वजा करायला आणि ढिगातून ओढलेली मिळवायला विसरू नका.

या पद्धतीचा कच्चा दुवा आधीच ओळखून ठेवा. मिश्र रसाचं मोजमाप फक्त एक टक्का चुकलं तर दहा टनांचा फरक पडतो. तो ९९० वर किरकोळ दिसतो, पण २९० वर तोच साडेतीन टक्के होतो आणि बॉयलरची कार्यक्षमता अडीच अंकांनी वर किंवा खाली सरकते. बॉयलरमध्ये काहीच बदललेलं नसतं, रसाचा फ्लो मीटर तेवढा बदललेला असतो. म्हणून चाचणीच्या आधी रसाच्या आणि इंबिबिशनच्या मीटरची पडताळणी करा आणि मगच बॉयलरकडे वळा.

आर्द्रतेचा नमुना कसा घ्यायचा? एवढं त्याचं महत्त्व का?

कारण उष्मांक आर्द्रतेवरच ठरतो. प्रचलित सूत्र असं: ढोबळ उष्मांक = ४६०० वजा ४६ × आर्द्रता टक्के वजा १२ × साखर टक्के. आर्द्रता ५० आणि साखर २ असेल तर २२७६. आर्द्रता ४८ असेल तर २३६८.

आता नमुना जवळून पाहा. गरम पाण्याचं इंबिबिशन असेल तर शेवटच्या मिलमधून निघालेली बगॅस हाताला चांगलीच उबदार लागते. मूठ दाबून उघडली की तळहातावर ओल राहते आणि तंतू हळूहळू फुलतात. ही मूठ उघड्या ट्रेमध्ये ठेवून लॅबपर्यंत चालत नेली, तिथे ओव्हन रिकामा होईपर्यंत टेबलावर ठेवली, तर तिची वाफ डोळ्यांदेखत उडून जाते. लॅबमध्ये ४८ टक्के आले तरी बॉयलरमध्ये गेले ५०. मग उष्मांक खोटा वाढतो आणि वर काढलेली ६९.८ टक्के कार्यक्षमता ६७ वर येते. बॉयलर अटेंडंटला उगाच बोल लागतो.

योग्य रीत:

– नमुना कॅरिअरच्या पूर्ण रुंदीतून घ्या. रोलरच्या कडेला आणि मध्यभागी रसाचा निचरा सारखा होत नाही.
– घेतल्याबरोबर घट्ट झाकणाच्या डब्यात भरा आणि डब्यासकट वजन करा.
– ओव्हन १०५ अंशांवर ठेवा. लागोपाठ दोन वजनं सारखी येईपर्यंत वाळवा. घड्याळ लावून काढू नका.
– दर तासाला एक नमुना घ्या आणि लगेच ओव्हनला लावा. आठ तासांचे नमुने साठवून एकत्र करण्याची सवय सोडा.

ढिगातली बगॅस जाळत असाल तर तिचा नमुना वेगळा हवा. तिची आर्द्रता मिलच्या बगॅसशी जुळत नाही. अवकाळी पाऊस झाला की एकाच ढिगाच्या पाठीवर आणि पोटात मोठा फरक असतो.

ढोबळ आणि निव्वळ उष्मांक यांत कोणता वापरायचा?

दोन्ही चालतात, पण सरमिसळ चालत नाही. धुरातल्या पाण्याच्या वाफेबरोबर जाणारी उष्णता धरली तर तो ढोबळ उष्मांक, वगळली तर निव्वळ. ५० टक्के आर्द्रतेच्या बगॅसचा निव्वळ उष्मांक साधारण १८०० येतो. त्याच चाचणीचा हिशोब १८०० वर केला तर कार्यक्षमता ६९.८ ऐवजी ८८ टक्के दिसते. बॉयलर तोच, वाफ तीच. एखाद्या पुरवठादाराने ८८ टक्क्यांची हमी दिली तर पहिला प्रश्न हाच विचारा. भारतात सहसा ढोबळ उष्मांकावर बोलतात. केंद्रीय वीज नियामक आयोगाच्या दरनिश्चितीतही बगॅससाठी २२५० किलोकॅलरी हा ढोबळ उष्मांकच धरलेला आहे.

अप्रत्यक्ष पद्धत कशासाठी? थेट पद्धत पुरत नाही का?

थेट पद्धत किती हे सांगते, कुठे गेलं हे सांगत नाही. अप्रत्यक्ष पद्धतीत नुकसानी एकेक करून मोजतात आणि १०० मधून वजा करतात. बगॅसचं वजन लागत नाही हा तिचा मोठा फायदा. ५० टक्के आर्द्रता, ३५ टक्के जादा हवा, धुराचं तापमान १६० आणि बाहेरची हवा ३० अंश धरली तर चित्र असं दिसतं:

बगॅसमधलं पाणी उकळून चिमणीतून जातं, त्यात १४ टक्के. बगॅसमधल्या हायड्रोजनचं जळून पाणी होतं, त्यात सव्वाआठ. कोरड्या धुरातून साडेपाच ते सहा. न जळलेला कार्बन दीड ते दोन. बॉयलरच्या भिंतींतून आणि इतर किरकोळ मिळून एक-सव्वा. बेरीज ३१ च्या आसपास, म्हणजे कार्यक्षमता ६९.

ती थेट पद्धतीच्या ६९.८ शी एका अंकाच्या आत जुळते, म्हणजे दोन्ही मोजमापांवर भरवसा ठेवायला हरकत नाही. तफावत तीन अंकांपेक्षा जास्त आली तर आधी रसाचा मीटर आणि वाफेचा मीटर तपासा.

यादीतली पहिली दोन नुकसानं मिळून बावीस टक्क्यांवर जातात. बॉयलर कितीही नवा असला तरी ती इंधनाच्या स्वभावातच आहेत. म्हणून दगडी कोळशाच्या बॉयलरशी बगॅसच्या बॉयलरची तुलना करून कामगारांना कमी लेखणं अन्यायाचं आहे.

मिलने आर्द्रता ५० वरून ४८ वर आणली. एक किलो बगॅसमागे वाफ सहा टक्क्यांनी वाढली. हा फायदा खरा ना?

बराचसा कागदावरचा. एक किलोमागे वाफ २.२२ वरून २.३५ होते हे खरं. पण पाणी कमी झालं तसं बगॅसचं वजनही कमी झालं. आधी जिथे १०० टन बगॅस मिळत होती तिथे आता ९६ टनच मिळते, कारण तंतू तेवढाच आहे. ९६ ला २.३५ ने गुणा, वाफ दीड टक्क्याच्या आसपास वाढलेली दिसेल.

दीड टक्काही हंगामभरात मोठा असतो आणि त्यासाठी मिलचं कौतुक व्हायलाच हवं. पण सहा टक्के धरून शिल्लक बगॅस विकण्याचा करार केला तर मार्चमध्ये यार्ड रिकामं पडेल. महिन्याच्या अहवालात वाफेचा हिशोब कोरड्या तंतूच्या प्रति टनावर लिहा, असा आमचा आग्रह आहे. त्याने मिल आणि बॉयलर या दोन्ही विभागांना न्याय मिळतो.

ऑक्सिजन कुठे मोजायचा? पॅनेलवर ४ आणि चिमणीजवळ ८ टक्के दिसतो. खरं काय?

दोन्ही खरे असू शकतात. मधे एअर प्रीहीटर (धुराच्या उष्णतेने भट्टीची हवा तापवणारा भाग) आहे. त्याच्या गंजलेल्या नळ्यांतून एफडी फॅनची (भट्टीत हवा ढकलणाऱ्या पंख्याची) हवा धुरात शिरते आणि ऑक्सिजन वाढतो. ४ चे ८ झाले म्हणजे साधारण २८ ते ३० टक्के गळती आहे. ती हवा भट्टीत पोहोचतच नाही, उलट आयडी फॅनवर (धूर ओढणाऱ्या पंख्यावर) बोजा टाकते. शिवाय गळतीच्या थंड हवेने धूर थंड होतो, त्यामुळे चिमणीजवळचं १४५ अंश पाहून समाधान मानू नका.

ज्वलन जोखायला इकॉनॉमायझरच्या (धुराच्या उष्णतेवर फीड वॉटर तापवणाऱ्या भागाच्या) बाहेरचा ऑक्सिजन घ्या. डक्टमध्ये एका ठिकाणी प्रोब घालून भागत नाही. रुंदी-उंचीचे सारखे भाग पाडून प्रत्येक भागाच्या मध्यावर वाचन घ्या आणि सरासरी काढा. सोबत कार्बन मोनॉक्साइडही बघा. ऑक्सिजन कमी आणि कार्बन मोनॉक्साइड शेकडो पीपीएम (दहा लाख भागांत शेकडो भाग) असेल तर हवा जास्तच आवळली आहे. साडेपाच टक्के ऑक्सिजन म्हणजे साधारण ३५ टक्के जादा हवा. तेवढ्यावर बगॅस बरी जळते.

धुराचं तापमान दर २० अंशांनी वाढलं की कार्यक्षमता सव्वा टक्क्याच्या आसपास घटते. इकॉनॉमायझरवर राख बसली की हे हळूहळू होतं. रोजच्या लॉगबुकात एकेक अंश चढत जातो आणि कोणाच्या डोळ्यांत भरत नाही.

वाफेच्या फ्लो मीटरवर कितपत विश्वास ठेवायचा?

ऑरिफिस असो वा नोझल, तो दाबातला फरक मोजतो आणि प्रवाह त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. प्रवाह निम्मा झाला की दाबफरक चौथाई उरतो. म्हणून कमी भारावरची वाचनं डगमगतात.

दुसरं, मीटर एका ठरावीक तापमानाच्या घनतेवर बसवलेला असतो. ४९० ऐवजी वाफ ४७० अंशांवर आली आणि डीसीएसमध्ये (संगणकीय नियंत्रण यंत्रणेत) घनतेची दुरुस्ती चालू नसेल तर मीटर पावणेदोन टक्के कमी दाखवतो. पडताळणीसाठी फीड वॉटरचा प्रवाह घ्या आणि त्यातून ब्लोडाउन (बॉयलरमधून मुद्दाम सोडलेलं पाणी) वजा करा. ॲटेम्परेटरचं (वाफेचं तापमान आवरायला फवारलेलं) पाणी फीड वॉटरच्या मीटरच्या आधी घेतलंय की नंतर, हे ड्रॉइंगवर न बघता प्रत्यक्ष पाइपलाइनवर जाऊन बघा. आधी घेतलं असेल तर ते मिळवावं लागतं.

टर्बाइनची तपासणी घरच्या घरी करता येते का?

बॅक प्रेशर किंवा एक्स्ट्रॅक्शनची (टर्बाइनमधून साखरेच्या कामासाठी बाहेर काढलेली) वाफ कोरडी आणि थोडी अतितप्त असेल तर करता येते. आत ८१० किलोकॅलरीची वाफ गेली आणि अडीच किलो निरपेक्ष दाबावर साधारण १५० अंशांनी बाहेर आली तर तिच्यात ६६२ च्या आसपास उरलेल्या असतात. म्हणजे टर्बाइनने १४८ काढून घेतल्या. आदर्श टर्बाइनने १८५ काढल्या असत्या. कार्यक्षमता ८० टक्के. गिअरबॉक्स आणि जनरेटरची नुकसानं धरून एका युनिटला ६.१ ते ६.२ किलो वाफ लागते.

त्याच दाबावर बाहेर पडणाऱ्या वाफेचं तापमान महिन्याभरात १५० वरून १६० वर सरकलं तर ब्लेडवर सिलिकाचा थर किंवा सील झिजल्याची शंका घ्या. दाब मात्र दोन्ही वेळी सारखाच होता ना, हे बघा.

कंडेन्सरला (वाफ थंड करून तिचं पाणी करणाऱ्या भागाला) जाणारी वाफ ओली असते. तिथे तापमानावरून उष्णता कळत नाही, त्यामुळे ही युक्ती चालत नाही. तिथे वाफ आणि युनिट यांचाच हिशोब करावा लागतो. एका युनिटला सुमारे ४ किलो.

व्हॅक्यूम गेज ६५० मिलिमीटर दाखवतो. हे चांगलं की वाईट?

कोल्हापुरात चांगलं. ही चूक आपल्या भागात वारंवार होते, म्हणून थोडं सविस्तर. पुस्तकात वातावरणाचा दाब ७६० मिलिमीटर दिलेला असतो. तो समुद्रसपाटीचा. कोल्हापूर साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, इथे हवेचा दाब ७१० च्या आसपासच असतो. ७६० मधून ६५० वजा केले तर कंडेन्सरमध्ये ११० मिलिमीटर उरतात आणि वाफेचं तापमान साडेत्रेपन्न अंश यायला हवं. ७१० मधून वजा केले तर ६० उरतात आणि तापमान ४२ अंश.

हॉटवेलच्या (कंडेन्सरखालच्या पाण्याच्या टाकीच्या) थर्मामीटरवर ४१-४२ दिसत असेल तर ७१० चा हिशोब बरोबर आहे. ७६० धरणारा मात्र चांगल्या कंडेन्सरच्या नळ्या उघडून साफ करायला लावेल. निरपेक्ष दाबाचा ट्रान्समीटर बसवला की हा घोळ संपतो.

को-जनची एकूण कार्यक्षमता हंगामात आणि ऑफ-सीझनला एवढी वेगळी का?

हंगामात वाफेचा मोठा भाग वीज करून झाल्यावर रस आटवणाऱ्या पॅन आणि इव्हॅपोरेटरला, म्हणजे प्रोसेसला, जातो आणि तिथे तिची उष्णता उपयोगी पडते. वरच्याच उदाहरणात ताशी ८० टन वाफेपैकी ५६ टन प्रोसेसला आणि २४ टन कंडेन्सरला जाते. ५६ टनांतून ९ मेगावॉट आणि २४ टनांतून ६, मिळून १५ मेगावॉट. वीज आणि प्रोसेसची उष्णता एकत्र धरली तर इंधनातल्या ५५ टक्क्यांचं चीज झालं.

ऑफ-सीझनला सगळी वाफ कंडेन्सरला जाते, तिची उरलेली उष्णता कूलिंग टॉवरवरून आकाशात जाते आणि कार्यक्षमता वीस टक्क्यांवर येते. एका युनिटला १.८ ते १.९ किलो बगॅस लागते. आयोगाच्या नियमांतला ३६०० किलोकॅलरीचा हीट रेट फक्त विजेच्या वाट्याचा आहे आणि दर ठरवण्यापुरता आहे. त्याच्याशी ऑफ-सीझनचा ४२०० ताडून घाबरून जाऊ नका.

पीएलएफ वाढला म्हणजे कार्यक्षमता वाढली ना?

नाही. पीएलएफ म्हणजे प्रकल्प क्षमतेच्या मानाने किती चालला. वर्षातले २४० दिवस, त्यातही ९२ टक्के उपलब्धता धरली तर पीएलएफ ६० टक्के येतो. ऊस कमी पडून कारखाना लवकर बंद झाला तर पीएलएफ पडेल, कार्यक्षमता तशीच राहील. उलट जास्त बगॅस जाळून पीएलएफ चढवताही येतो.

किती युनिट धरायचे, जनरेटरचे की निर्यातीचे?

दोन्ही लिहा. दोहोंतला फरक म्हणजे साखर कारखान्याचा वापर, को-जनचा स्वतःचा वापर आणि ट्रान्सफॉर्मरचं नुकसान. को-जनच्या स्वतःच्या वापराला आयोगाने साडेआठ टक्के धरले आहेत. फीड पंप आणि आयडी फॅन हे त्यातले मोठे खाणारे. या दोघांना स्वतंत्र मीटर नसतील तर आधी ते बसवा. मीटर बदलल्यावर सीटी-पीटीचा (विजेचा प्रवाह आणि दाब मीटरपुरता उतरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा) गुणक डीसीएसमध्ये बदलायचा राहून जातो आणि महिनाभराचे युनिट चुकतात. सबस्टेशनच्या मुख्य मीटरशी रोज सकाळी मेळ घाला.

राधानगरीसारख्या जलविद्युत केंद्राला हेच लागू होतं का?

तत्त्व तेच, मोजमाप वेगळं. तिथे इंधनाऐवजी पाणी आणि उंची: ९.८१ × प्रवाह × निव्वळ उंची. सेकंदाला १० घनमीटर आणि ३० मीटर असेल तर २९४३ किलोवॉट आत. बाहेर २४०० मिळाले तर साडेएक्क्याऐंशी टक्के. अवघड भाग प्रवाह मोजण्याचा. उन्हाळ्यात धरणाची पातळी उतरली की उंचीही उतरते, त्यामुळे ऑगस्ट आणि मे यांची तुलना त्या-त्या उंचीवरच करायची.

चाचणी कधी रद्द करावी?

मिल अर्ध्या तासापेक्षा जास्त थांबली, गव्हाणीत (ऊस टाकतात त्या जागी) ऊस कमी पडला आणि भार उतरला, सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला, किंवा सुरुवातीची आणि शेवटची ड्रमची पातळी जुळली नाही तर रद्द करा. सुरू करण्याआधी दोन तास भार स्थिर हवा. वाचनं दर १५ मिनिटांनी, सगळी घड्याळं एकाच वेळेला लावलेली. सतत चालणारं ब्लोडाउन बंद ठेवा किंवा मोजा. सूट ब्लोइंग (नळ्यांवरची काजळी वाफेने झाडणं) चाचणीच्या आधी उरकून घ्या.

राखेचे नमुनेही विसरू नका: ग्रेटखालची (भट्टीच्या जाळीखालची) वेगळी, ईएसपी किंवा स्क्रबरची (धूर साफ करणाऱ्या यंत्रणेची) वेगळी. ग्रेटची राख पांढरट आणि उडती राख काळी असेल तर कार्बन वरून निसटतोय, दुय्यम हवेचे नोझल बघा. चिखलात तोडलेला ऊस आला की राखेचं वजन मातीने वाढतं, कार्बनने नाही. म्हणून राख वजनावर जोखू नका, भट्टीत जाळून किती घट येते ते मोजा.

वर्षातून किती वेळा करावी?

हंगाम सुरू होऊन यंत्रणा स्थिर झाल्यावर एकदा, मध्यावर एकदा आणि बंद होण्याआधी एकदा. शेवटची चाचणी टाळली जाते कारण तोवर सगळे थकलेले असतात. पण ऑफ-सीझनच्या दुरुस्तीत एअर प्रीहीटरच्या किती नळ्या बदलायच्या, टर्बाइन उघडायचं की नाही, हे याच चाचणीच्या आकड्यांवरून ठरतं. ती शेवटचा ऊस गव्हाणीत पडण्याच्या निदान आठ दिवस आधी करा. नंतर भार स्थिर राहत नाही.